मेणावरची रेघ

"पोरगी घरात नाय," गोजर म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसून राहिली. तिच्या पाठीमागे, चुलीच्या धुरात कुणीतरी हललं. ते दिपिकाला दिसलं, आणि तिला दिसलं हे गोजरलाही कळलं. 

दिपिका म्हसा गावापासून चालत वाडीवर आली होती. जत्रेचे दिवस, एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मांडीवरचा स्टीलचा डबा तिने सगळ्या वाटेत दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. डब्यात जेवण आहे असं समजून शेजारच्या बाईने तो खाली ठेवायला सांगितलं, तेव्हा ती नुसती हसली. आत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली मेणाची कवटी होती. सावळीची.

सावळी गोजरची मुलगी, वय सतरा. लहानपणी उंबराच्या झाडावरून हनुवटीवर पडली. जखम भरली, पण तोंड दिवसेंदिवस कमी उघडायला लागलं आणि मग उघडेनासंच झालं. डाव्या कानापुढचा सांधा हाडाने भरून गेला होता, जबडा कवटीला चिकटला होता. खालचा जबडा वाढलाच नाही. हनुवटी आत राहिली, एका बाजूला वळली. पुढचा एक दात पडलेला होता, त्या फटीतून ती पेज ओढून घ्यायची. एवढ्यावर ती इतकी वर्षं जगली होती. मुंबईच्या सरकारी इस्पितळात शेवटी ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि तारीख तोंडावर असताना मायलेकी कुणाला न सांगता वॉर्डातून निघून आल्या.

त्याच इस्पितळात चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या ऑपरेशनची आखणी करणारा एक लहानसा विभाग होता. दिपिका तिथे शिकत होती. गावी, सापगावात, कुणी विचारलं तर तिची आई "ती कवळ्या बनवते" असं सांगून मोकळी व्हायची. दिपिकाने तिची चूक दुरुस्त करणं सोडून दिलं होतं. खरं काम असं: सीटी स्कॅनच्या फिल्म खऱ्या मापाइतक्या मोठ्या करायच्या, एकेका फिल्मवरची हाडाची कड मेणाच्या पातळ पत्र्यावर उतरवायची, कापायची, आणि ते तुकडे एकावर एक बसवत जायचे. बसवता बसवता रोग्याचं हाड हातात यायचं. मग कुठे कापायचं, किती काढायचं, जबडा कुठवर आणायचा, हे सगळं आधी मेणावर करून बघायचं. सर्जन नंतर त्या रेघांवरून चालणार.

विभागाचे प्रमुख कमळाकर सर शिकवताना फार बोलत नसत. विद्यार्थ्याने केलेली आखणी हातात घेत, खिडकीच्या उजेडात नेत, आणि परत देत. परत दिली म्हणजे चुकली. कुठे चुकली ते आपण शोधायचं. सावळीची आखणी सरांनी परत दिली नाही, कपाटात ठेवली. दिपिकाची अशी ती पहिलीच.

आणि खाट रिकामी सापडली.

"तू तिकडचीच आहेस," सर म्हणाले, "जाऊन ये. पण तिला आणायला जाऊ नकोस. आपण काय करणार आहोत, ते सांगायला जा."

दिपिकाला त्यांचा राग आला होता. आपली परीक्षा चालली आहे, असं तिला वाटलं होतं.

तिने गोजरकडे पाणी मागितलं. गोजर उठली तशी सावळी आपणहून बाहेर आली आणि अंगणात बसली. मिटलेल्या दातांमागून ती बोलायची, हलायचे फक्त ओठ. दिपिकाला आता ते कळत होतं. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, सावळीने सांगितलं, तिच्या कानापुढे असंच कापलं होतं. तिचा एक डोळा मिटत नव्हता. झोपेतसुद्धा उघडा राहायचा, त्यातून पाणी गळायचं. सावळीने नर्सला विचारलं, तर तुला तसं काही होणार नाही, झोप, असं उत्तर मिळालं. त्या बाईलाही आधी असंच सांगितलं होतं म्हणे.

"ताई, माझा डोळा मिटंल ना?"

 मिटेल, एवढं दिपिकाने म्हटलं असतं तर पोरगी आत्ता बोचकं बांधून निघाली असती. पण डोळा मिटवणारी शीर कानापुढून, त्या हाडाच्या अगदी जवळून जाते. हाडापर्यंत पोचायचं तर वरचं मांस शिरेसकट बाजूला ओढून धरावं लागतं. हाड जेवढं जास्त काढायचं, तेवढी ओढ जास्त. आणि जास्त काढायचं, हे दिपिकानेच ठरवलं होतं.

तिने डबा उघडला.

गोजर पाण्याचा तांब्या घेऊन आली ती जागच्या जागी थांबली. "हे कोनाचं?"

"हिचंच, मावशी. मेणाचं आहे. फोटोवरून मी केलंय."

"जित्या माणसाची कवटी करतात का गो?"

सावळीने मात्र हात पुढे केले. कवटी मांडीवर घेऊन तिने उजव्या बाजूने बोट फिरवलं, मग डाव्या बाजूने. पुन्हा उजव्या. "हितं फट हाय," ती म्हणाली, "हितं नाय." मग तिचं बोट दोन लाल रेघांवर येऊन थांबलं. "ह्याच्यामधलं काढनार?"

"हो."

आणि दिपिकाने सगळं सांगितलं. तोंड उघडत नाही म्हणून जागेपणीच नाकातून श्वासाची नळी घालतील, ते भयंकर वाटेल. नंतर रोज जबडा ताणून उघडावा लागेल, ते फार दुखेल. मग तिने डोळ्याचं सांगितलं. "मिटेल असं मी बोलू शकत नाय. पुष्कळांचा मिटतो. काहींचा काही महिने मिटत नाय, मग मिटायला लागतो. एखादीचा कधीच मिटत नाय."

गोजरने तांब्या खाली ठेवला. "मग तू जा. हाय तशी बरी हाय ती."

सावळी अजून रेघांकडे बघत होती. "ह्या जवळ घे ना," ती हळूच म्हणाली.

"जवळ घेतल्या तर शिरेवर ओढ कमी येईल. पण हाड परत जुळेल, सावळी. परत बंद होईल."

 सावळीने कवटी साडीच्या तुकड्यात नीट गुंडाळून परत दिली. "जा ताई. मी नाय येत."

दिपिका डबा घेऊन मुंबईला परतली. सरांना तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ती तारीख दुसऱ्या रोग्याला दिली आणि विषय संपवला. दिपिकाचा संपेना. तिने सावळीसाठी दुसरी आखणी केली, रेघा जवळ घेऊन. सरांनी ती खिडकीपाशी नेली आणि परत दिली, आणि या वेळी बोललेही. "हे तू घाबरून आखलंयस."

तिने जुन्या रेघा तशाच ठेवल्या.

शिमगा झाल्यावर एका सकाळी मायलेकी विभागाच्या दारात उभ्या होत्या. गोजरच्या काखेत बोचकं होतं आणि चेहरा ओळखू येऊ नये इतका ओढलेला. सावळीला ताप भरला होता, उलटी झाली, आणि बाहेर पडायला वाट नव्हती. सगळं नाकात, घशात. पोरगी निळी पडली. गोजरने दोन्ही हातांनी तिचे दात उघडायचा प्रयत्न केला होता. सांगताना तिने बोटं पुढे केली, जणू ती अजून तिथेच अडकली होती.

"तू बोललीस तेवढंच करायचं," ती म्हणाली. "दुसरं काय नाय."

ऑपरेशनच्या खोलीत दिपिका भिंतीला टेकून उभी होती, आणि सर तिच्या शेजारी. नळी घालताना सावळीचे डोळे छतावरून, दिव्यावरून, मास्क लावलेल्या तोंडांवरून फिरत राहिले आणि दिपिकावर येऊन थांबले. दिपिकाने नजर काढली नाही. नंतर ते डोळे झाकले गेले. सर्जनने एकदा, दोनदा कवटीकडे पाहिलं, हाडावर तशाच रेघा ओढल्या. हाड दगडासारखं निघालं. मधला तुकडा निघायला फार वेळ लागला. मग सर्जनने दातांमध्ये चिमटा घालून हळूहळू दाब दिला, आणि जबडा खाली आला. भूल देणारी डॉक्टरीण वाकून बघतच राहिली. सावळीची जीभ, पडजीभ, अख्खं तोंड इतक्या वर्षांनी उजेडात आलं होतं.

पट्टी सोडल्यावर डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले. उजवा मिटला. डावा अर्ध्यावर थांबला. दिपिकाला ते सगळ्यांच्या आधी दिसलं.

"झालं ना तसं?" सावळीने विचारलं.

"झालं. पुढे मिटेल कदाचित. वाट बघावी लागेल."

"बघू," सावळी म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

रेघ चुकली का, हे दिपिकाने त्या दुपारी सरांना विचारलं. त्यांनी कवटी पुन्हा खिडकीपाशी नेली, फार वेळ बघितली आणि कपाटात ठेवली. "रेघ बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तू रोज वॉर्डात जायचंस. तिचा व्यायाम तूच घ्यायचास."

म्हणजे आइस्क्रीमच्या असतात तशा लाकडी पट्ट्या दातांमध्ये एकावर एक सरकवायच्या, आणि रोज एक वाढवायचा प्रयत्न करायचा. सावळीच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, हात खाटेची कड धरून पांढरे पडायचे. गोजर उठून जिन्यात जाऊन बसायची. एकदा सावळीने दिपिकाचा हात झटकून टाकला आणि तिला तोंडावर शिवी दिली. अख्खी, तोंड उघडून दिलेली शिवी. दिपिकाने पट्ट्या गोळा केल्या आणि पुन्हा सुरुवात केली.

घरी सोडलं त्या दिवशी दिपिका मुरबाडपर्यंत त्यांच्यासोबत गेली, आणि तिथे निरोप घेववेना म्हणून म्हशाच्या एसटीतही बसली. सावळी खिडकीपाशी होती. तिने पदराआड वडापावचा घास चावला होता, थकून अर्धा ठेवून दिला होता. ऊन तिच्या चेहऱ्यावर येत होतं. गाडी डुलत चालली होती, आणि अचानक तिचा जबडा आपोआप खाली जायला लागला. तोंड मोठं, आणखी मोठं उघडलं, आतले सगळे दात दिसले. उजवा डोळा घट्ट मिटला, डावा रस्त्याकडे बघत उघडाच राहिला. घाबरून तिने गालाला हात लावला.

"काय नाय गो. जांभई ती," गोजर म्हणाली, आणि तान्ह्या पोरासमोर वाजवतात तशा तिने लेकीच्या तोंडासमोर चुटक्या वाजवल्या.