हँडलच्या पोटातून

"गाडी आज जातेय गो," आई म्हणाली. मी अजून पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

पेणला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंपाच्या मोटारी, मिक्सर, पंखे, वायरीचं जे काय असेल ते सगळं. माहेर गडबला, हायवेवरून खाडीकडे आत वळलं की लगेच. रविवारी दुकान बंद ठेवून आईकडे यावं, दोन घास निवांत खावेत, तर दारातच ही बातमी.

गाडी म्हणजे मोटारसायकल, माझ्या धाकट्या भावाची, निकेशची. तो रोह्याला कंपनीत कामाला आहे. 'होता' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गेल्या सुगीत शेजाऱ्यांच्या मळणी मशीनच्या पट्ट्यात त्याचा डावा अंगठा गेला, पार मुळापासून. बाकीची बोटं शाबूत आहेत, क्लच दाबता येतो. डॉक्टर म्हणाले कामावर जा, कंपनीनेही गेटवरचं काम द्यायचं कबूल केलं. पण पहिल्या शिफ्टला पोचवेल अशी एसटी आमच्या फाट्यावर नाही. गाडी नाय तर शिफ्ट नाय, आणि शिफ्ट नाय तर हा पडवीत खुर्ची टाकून खाडीकडे बघत बसणार. लग्नाच्या आधीच म्हातारा होणार. ते मला बघवणार नव्हतं.

अडचण काय, तर हॉर्न, इंडिकेटर, डिपर, सगळी बटणं डाव्या अंगठ्याखाली. म्हणून नागोठण्याच्या मिथुन फिटरने तो स्विच उजवीकडे बसवून दिला. बसवला कसला, चिकटवला! वायरी हँडलवरून बाहेरच्या बाहेर आणल्या आणि वर टेप गुंडाळला, झालं काम. हँडल पुरतं वळवलं की त्या वायरी टाकीवर घासायच्या. शेवटी रोह्याच्या भरबाजारात वायर सोलली, टाकीला टेकली आणि हॉर्न जो बोंबलत सुटला तो थांबेचना. लोक हसले. कोणीतरी त्याच्या हाताकडे बघून म्हणालं, झेपत नाय तर चालवायची कशाला. त्या मेल्याचं नाव मला अजून कळलेलं नाही, कळलं की बघते. निकेशने गाडी टेम्पोत घालून घरी आणली आणि वरसे गावच्या हरेशला फोन केला, विकत घेऊन जा म्हणून.

"कधी येतोय तो?" मी पडवीतल्या निकेशला विचारलं.

"चहाच्या टायमाला." त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"मग लय वेळ हाय. पाना आण."

"ताय, नको. झालं तेवढं बस झालं."

"तुला विचारलं का मी? पाना आण म्हटलं!"

हँडल म्हणजे शेवटी काय, वाकवलेला पाइप. आतून पोकळ. मग वायर आतूनच न्यायची. उजव्या मुठीच्या अलीकडे खालून एक भोक, दुसरं बरोबर मधे, दोन क्लॅम्पच्या मधल्या जागेत. एकातून वायरी आत, दुसऱ्यातून बाहेर आणि तिथून थेट हेडलाइटच्या मागे. घासायला बाहेर काही उरायलाच नको. माझ्या स्कूटीच्या डिकीत ड्रिल कायम असतं. हँडल सोडवून पडवीत गोणपाटावर घेतलं, भोकं पाडली, कानशीने कडा गुळगुळीत केल्या. वायरी अखंड घेतल्या, मधे एकही जोड नाही, कारण आमच्या खाऱ्या वाऱ्यात जोड हिरवा पडायला वेळ लागत नाही.

इथपर्यंत सगळं झकास झालं. मग घोडं अडलं ते हँडलच्या बाकात.

वायर सरळ ढकलली तर बाकात जाऊन दुमडली. क्लचची जुनी तार घातली, तीही तिथेच अडली. दोरा घालून दुसऱ्या भोकाला तोंड लावलं आणि जीव खाऊन हवा आत ओढली. दोरा आला नाही, लोखंडाचा कीस तेवढा जिभेवर आला. थू थू करत मी त्या हँडलला अशा शिव्या घातल्या की आई आतून ओरडली, "अगो, शेजारी ऐकतात!"

"ऐकू देत!"

निकेश खुर्चीत बसून बघत होता. "हरेश येईल आता," तो म्हणाला. "जोडून ठेव परत."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, रागाने. ते त्याला दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं, तर समोर भिंतीवर खुंटीला त्याचा पाग. फेकायचं गोल जाळं ते, कडेने शिशाचे मणी ओवलेलं. उधाणाची भरती ओसरायला लागली की हा गुडघाभर चिखलात उभा राहून पाग असा फेकायचा की पाण्यावर गोल ताट उमटायचं. अंगठा गेल्यापासून जाळ्याला त्याने हात लावला नव्हता. मणी पांढरट पडले होते.

शिसं! जड असतं आणि मऊ असतं. तंगुसाला, त्या जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याला, बांधून सोडलं तर आपल्या वजनाने बाक उतरेल. मी पक्कड घेऊन उठले.

"पागाला हात लावू नको!"

एवढ्या मोठ्याने तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. आई दारात आली. मी पक्कड त्याच्या समोर धरली. "मग तू काढ."

 तो उठला. पक्कड घेतलीच नाही. जाळं मांडीवर घेऊन एका मण्याची गाठ दातांनी सैल केली, डाव्या हाताच्या बोटांनी मणी सोडवला आणि हातोडीने ठोकून भोकात जाईल एवढा बारीक लांबट केला. तंगुसही त्यानेच बांधला.  मला गप्प बसलेलं बघायला आईनेच दाराला टेकून घेतलं.

शिसं आत सोडलं, मी हँडल तिरकं केलं. आत ते खडखडत सरकलं, थांबलं.

"तंगूस हलव जरा!" मी म्हटलं.

"नाय हलवायचा," तो म्हणाला. तंगूस त्याने डाव्या बोटांवर घेतला होता, डोळे मिटले होते. "बाकात हाय. थोडं वर कर. आता खाली. हां, चाललंय. थांब! भोकाच्या कडेला आलंय, कळतंय मला."

त्याने तंगूस इतकुसा मागे घेतला आणि सोडला. टुपकन शिसं मधल्या भोकातून बाहेर लोंबलं.

मी अशी ओरडले की शेजारी खरंच बाहेर आले.

पुढचं काम माझं होतं. वायरींची टोकं मागेपुढे ठेवून तंगुसाला निमुळती बांधली, वर आईची अंगाला लावायची पावडर चोळली. अर्ध्यात अडकल्यावर मी हिसका मारणार होते, तर हाच म्हणाला, "ओढू नको. ढील दे, मग घे." ढील दिली आणि वायरी सुळकन बाहेर आल्या. भोकांत रबरी वळी बसवली, जोडण्या केल्या, हँडल चढवलं. दोन्हीकडे पार शेवटपर्यंत फिरवून बघितलं. टाकीला काही लागेना. निकेशने उजव्या अंगठ्याने हॉर्न दाबला. वाजला. अंगठा काढला. थांबला.

"परत दाब," मी म्हटलं. त्याने दाबला, आणि परत दाबला, आणि मग दाबतच सुटला.

हरेश रिक्षातून उतरला तेव्हा आई चहा गाळत होती. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, हँडलखाली वाकून बघितलं. "वायर कुठंय?"

"पोटात," मी म्हटलं.

"मस्त केलंय. मग, चावी देतोस ना?"

 मी निकेशकडे बघितलं नाही, आईनेही बघितलं नाही. निकेशने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि खिळ्यावरचं हेल्मेट काढलं.

"रिक्षा सोडलीस ना? बस मागे. वरश्याला सोडतो तुला."

"अरे, पण मी गाडी न्यायला आलोय!"

"तेच सांगतो. गाडी वरश्यापर्यंत येईल, मग घरी जाईल. उद्या पहिली शिफ्ट हाय माझी."

हरेश बिचारा हसत मागे बसला. आईने पदर तोंडाला लावला. मला मात्र रडू आवरलं नाही, आणि आवरायचं तरी कशाला! मी त्यांच्यामागे फाट्याच्या दिशेने चपला न घालताच पळत गेले.

माझ्या भावाने जन्मात कधी इंडिकेटर दिला नव्हता. दोन्ही अंगठे होते तेव्हा देत नव्हता मेला, किती शिव्या खाल्ल्या त्यासाठी माझ्या. त्या दिवशी हायवेला लागायच्या कितीतरी आधी, मागेपुढे एकही गाडी नसताना, त्याने इंडिकेटर लावला आणि तो दिसेनासा होईपर्यंत लागलेलाच होता.