अर्जावर सही कर्णधाराची

बचाव करणारी मुलगी हलत होती. हे मी आधीच कबूल करून टाकते, म्हणजे तो विषय संपेल. लाल संघाची ती मुलगी दोन्ही हात वर करून, छाती समोर ठेवून मागे सरकत होती आणि निळ्यांची खेळाडू चेंडू घेऊन आली ती थेट तिच्या छातीवर आदळली. फाउल आदळणारीचा. बचाव करणाऱ्याने खांबासारखं गाडून घेतलं पाहिजे असं नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. आधी वाटेत जागा धरायची, मग मागे किंवा बाजूला सरकलं तरी चालतं. बावीस वर्षं मी बास्केटबॉलची पंच म्हणून शिट्टी वाजवतेय आणि बावीस वर्षं कोच लोक माझ्या कानाशी येऊन "हलत होती, हलत होती" म्हणून बोंबलतायत.

आणि एवढ्यावर थांबतील तर शपथ. ड्रिबल करताना चेंडू खांद्याच्या वर उडाला की ओरडा. आपलाच फसलेला शॉट, रिंगला न लागलेला, खेळाडूने स्वतःच झेलला की ओरडा. मागच्या मुलीने नुसती उंच उडी मारून चेंडू काढला, धक्का ना बिक्का, तरी "पाठीवर चढली!" हे सगळं नियमात बसतं, आणि नियमांचं पुस्तक दरवर्षी प्रत्येक शाळेला फुकट वाटतात. निळ्यांचे कोच असलेल्या सरांच्या खोलीत मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली.

त्या दिवशी शाळांच्या मुलींच्या स्पर्धेतली उपांत्य फेरी होती. निळे ५१, लाल ५०, अडतीस सेकंद बाकी. त्यात हा फाउल मी निळ्यांवर दिला आणि सर बेंचवरून उसळले.

नव्या पंचांचे वर्ग मी घेते. त्यांना मी सांगते, कोच नुसता ओरडला तर ऐकू आलं नाही असं समजा. प्रश्न विचारला तर एका वाक्यात उत्तर द्या. हद्द ओलांडली तर एकदा बजावा, पुन्हा ओलांडली तर सरळ टेक्निकल फाउल. आणि या सगळ्यात आपलं डोकं थंड ठेवा. हे शेवटचं मी फार छान शिकवते.

"मॅडम, चष्मा घरी विसरलात का?" सर म्हणाले, ते अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं. हॉल खदाखदा हसला. मी चष्मा लावत नाही. मी त्यांना बजावलं, पाठ फिरवली, आणि मस्तकात अशी तिडीक गेली की पुढचं काही दिसेनासं झालं. याला काय उत्तर द्यायला हवं होतं, याचीच मनात जुळवाजुळव चालू होती. टेबलाकडे पाहिलं तर निळ्यांचे पाच फाउल झालेले दिसले; चारच्या पुढे गेलं की एरवी प्रत्येक फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. मी तरातरा चालत लाल संघाच्या मुलीला रेषेवर उभं केलं आणि दोन बोटं दाखवली. दोन फ्री थ्रो.

तेव्हा निळ्यांची सात नंबर पुढे आली. ती त्यांची कर्णधार. हात पाठीमागे बांधून म्हणाली, "मॅडम, एक विचारू?"

कर्णधाराला विचारायचा हक्क असतो. मी तिला तळहात दाखवला. "मागे जा."

ती गेली. दोन्ही थ्रो आत पडले, ५२–५१. निळ्यांचा शेवटचा शॉट रिंगवर नाचून बाहेर आला आणि वेळ संपली. अंतिम फेरीत लाल.

सर धावतच टेबलाशी आले. "प्रोटेस्ट! अर्ज द्या इकडे!"

गुण लिहिणाऱ्या काकांनी कोरा अर्ज काढून दिला आणि सांगितलं, "पंधरा मिनिटं आहेत. खाली सही कर्णधाराची लागेल, तुमची नाही."

सरांनी खसाखसा लिहिलं. बचाव करणारी खेळाडू हलत असूनही आमच्यावर फाउल दिला, वगैरे. मग तो कागद सात नंबरच्या हातात कोंबला. "कर सही."

तिने वाचलं. "सर, हे नाही."

"काय नाही?"

"हललं तरी चालतं, सर. पण चेंडू आपल्याकडे होता ना, फाउल आक्रमणातला होता. त्याला फ्री थ्रो नसतात, कितीही फाउल झालेले असले तरी. नुसता चेंडू त्यांना द्यायचा. मी तेच विचारायला गेले होते."

पोरगी शंभर टक्के बरोबर होती. हा वर्गात पहिल्या आठवड्याला शिकवायचा धडा. माझा जोडीदार पंच नवखा, तो तेव्हा लाल बेंचला आवरत होता. टेबलवरचे काका सरांकडे बघत बसले होते. एकट्या सात नंबरने नियमावर लक्ष ठेवलं होतं आणि तिलाच मी हाकललं होतं. इतका वेळ सरांवर धुमसणारा राग उलटून माझ्याच अंगावर आला, आणि सांगते, तो जास्त चटके देतो.

"सर, ती बरोबर बोलतेय," मी म्हटलं. "फ्री थ्रो द्यायला नको होते. चूक माझी आहे. तेवढं लिहा."

सरांनी टाळी वाजवली. "बघा! घाबरल्या! आता हलण्याचा विषय टाळतायत!"

मला त्यांचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. या स्पर्धेत पंचाने नुसतं तोंडी कबूल करून निकाल बदलत नाही, अर्ज लागतो. आणि समिती अर्जात लिहिलेलं कारण तेवढंच तपासते. हलण्याचं कारण लिहिलं की अर्ज केराच्या टोपलीत, आणि या मुलींची अंतिम फेरीही त्याच टोपलीत. हे मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. भिंतीशी बोलले असते तर निदान भिंत मध्ये बोलली नसती.

"मी लिहिलंय त्यावर सही कर," सर तिला म्हणाले. "दीडशहाणेपणा नको."

"सर, पण मग आपण हरू."

"नाही करणार? ठीक. आजपासून तू कॅप्टन नाहीस. ए अकरा नंबर, इकडे ये. तू कर सही."

अकरा नंबर बिचारी रडवेली होऊन पुढे आली आणि मैत्रिणीकडे बघत उभी राहिली.

"तिची सही चालणार नाही," मी म्हटलं. "या सामन्याची कर्णधार सातच."

"सामना संपला!"

"गुणपत्रकावर माझी सही झाली की संपतो. मी सही करत नाहीये." मी गुणपत्रक उचललं आणि काखेत धरलं. माझा आवाज चिरकत होता. "काका, किती मिनिटं?"

"चार."

"हिला दुसरा अर्ज द्या."

सात नंबरने टेबलावर वाकून लिहिलं. सर तिच्या डोक्यावर उभे राहून "बघतो तुला, बघतो," करत होते. तिचं अक्षर जरा वाकडं आलं, पण तिने एक शब्द खोडला नाही. मुख्य पंचांनी चुकून दोन फ्री थ्रो दिले, असं लिहून तिने सही केली. चुकून. मी लिहिलं असतं तर ‘चुकून’ऐवजी ‘रागाच्या भरात’ असं लिहिलं असतं. तिच्याखाली मी लिहिलं, मान्य आहे, आणि मग गुणपत्रकावर सही केली.

समितीने तासाभरात निर्णय दिला. शेवटचे अडतीस सेकंद दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खेळायचे, गुण ५१–५०, चेंडू लाल संघाकडे. मला वर्षभर शिट्टी बंद. योग्यच होतं. घरी नवरा म्हणाला, "तू गप्प बसली असतीस तर कुणाच्या बापाला कळलं असतं?" त्या दिवशी त्याच्याशी मी पुढे एक शब्द बोलले नाही.

सकाळी मी साध्या कपड्यांत प्रेक्षकांत बसले. निळ्यांच्या पाच मुली मैदानात उतरल्या. सात नंबर जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून बेंचच्या टोकाला बसली होती. जिच्यामुळे हे सेकंद मिळाले तिलाच त्यातला एक सेकंद नाही!

मी उठून उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा बाहेरून ओरडले. "सर, सात नंबरला आत घ्या! लाज वाटू द्या थोडी!" शेजारच्या बाई दचकून सरकल्या. मैदानावरची पंच माझीच विद्यार्थिनी. तिने ऐकू आलं नाही असं दाखवलं. बरोबर केलं तिने, तरी मला तिचाही राग आला.

लाल संघाचा शॉट रिंगच्या कडेला लागून उडाला, अकरा नंबरने चेंडू पकडला आणि वेळ संपेपर्यंत निळ्यांनी तो हातचा जाऊ दिला नाही. निळे अंतिम फेरीत. बेंचवरून सगळ्यात आधी सात नंबर धावली आणि अकरा नंबरला तिने उचलूनच घेतलं. सर दारात कुणाला तरी सांगत होते, "मी तेव्हाच म्हटलं होतं, ती हलत होती. शेवटी मानावंच लागलं त्यांना."

मुली पाणी प्यायला गेल्या तेव्हा मी खाली उतरले. सात नंबर एकटीच बॅग भरत होती.

"तू खेळायला हवी होतीस," मी म्हटलं.

"काल सही करतानाच माहीत होतं, मॅडम. फायनललाही बसणार आहे मी. सरांनी सांगितलंय."

"शाळेतलं शेवटचं वर्ष ना तुझं?"

"हो."

"मी आत्ता जाऊन तुमच्या मुख्याध्यापकांना भेटते. समितीला पत्र लिहिते. हा माणूस समजतो कोण स्वतःला? मी त्याला..."

"नको, मॅडम." तिने बॅगेची चेन लावली. "तुम्ही भांडलात की ते बाकीच्यांवर राग काढतील. त्यांना नीट खेळू दे."

दात इतके आवळले होते की जबडा दुखत होता. तिला काहीतरी द्यावं, काहीतरी करावं असं वाटत होतं, आणि माझ्याजवळ काही म्हणजे काही नव्हतं. मी विचारलं, "मग मी काय करू ते तरी सांग."

तिने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"काल विचारायला आले होते ना, तेव्हा ऐकायचं होतंत," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा न चढवता म्हणाली, आणि बॅग खांद्याला लावून मैत्रिणींकडे गेली.