पुलाखालचा नावाडी

मावशींनी खोका उघडला आणि दुकानातल्या सवयीनं आतलं सगळं टेबलावर ओतून नीट लावायला घेतलं. चार लाकडी घोडागाड्या. पार्सलांचे छोटे ठोकळे. फासे, पत्ते, घडीवर फाटायला आलेला पट. आणि त्यात एक बटण. मोठं, तपकिरी, चार भोकांचं, कुठल्यातरी जाड कोटाचं.

"हे यातलं नाही," त्या म्हणाल्या आणि बटण उचलून त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

समोर बसलेल्या खारूनं ते परत उचललं, मुठीत धरलं आणि ती खुर्चीवरून खाली उतरली.

"अगं, खेळायचं ना?"

"मला नाही खेळायचं."

तिनं आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मावशींना जरा बरं वाटलं असतं.

खारू नऊ वर्षांची. लहानपणी गालात घास कोंबून तासभर बसायची, म्हणून खारू. तिची आई आजारपणात गेली, आणि काही वर्षांनी बाबांनी दुसरं लग्न केलं. नव्या बाईंना काय म्हणायचं हा प्रश्न आला तेव्हा बाबांनीच 'मावशी' असं ठरवून टाकलं. सगळ्यांनी ते उचललं, शेजारच्यांनीही. एक खारू सोडून. तिला काही हवं असलं तर ती जवळ येऊन नुसती उभी राहायची.

तिचं वागणं वाईट नव्हतं. दिलेलं खायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी. पण आता सुटी संपत आली होती, सोमवारी शाळा होती, आणि रविवारी आजी येणार होती, तिच्या आईची आई. आजीचं म्हणणं पहिल्यापासून एकच: पोरीला माझ्याकडे द्या, तिकडच्या शाळेत घालू, नवा गणवेश, नव्या मैत्रिणी, माझं घरही भरेल. बाबांनी निर्णय खारूवर सोपवला होता. ती म्हणाली होती, आजी आली की सांगते. आजी प्रेमळ होती, हीच खरी पंचाईत होती. तिच्याविरुद्ध बोलायला कुणाकडे काही नव्हतं.

मावशींना ही मुलगी हवी होती. असं कुणाला सांगायची सोय नव्हती, पण हवी होती. स्वयंपाकात त्यांची बोंबच होती आणि वेणी घालायला बसल्या की भांग कुठल्या कुठे जायचा. मात्र खेळ शिकवणं हा त्यांच्या हातचा मळ होता. त्या कामाला होत्या त्या दुकानात पुढे खेळांचे खोके विकायला ठेवलेले असत आणि मागे चार टेबलं होती. खेळ घेण्याआधी गिऱ्हाईक तिथे बसे आणि मावशी शिकवत. ज्याला साधी सापशिडी धड जमत नाही असा माणूसही त्यांच्या टेबलावरून हुशार होऊन उठायचा. बाबांची ओळखसुद्धा तिथलीच. याच खेळातली हरवलेली एक घोडागाडी सुटी मिळेल का, हे विचारायला ते आले होते. म्हणून मावशींनी बाकी सगळं बाजूला ठेवून हा खोका काढला होता, आणि पहिल्याच फटक्यात घोटाळा केला होता.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. संध्याकाळी ते हाताला ग्रीस घेऊन घरी आले. मावशींनी झालेलं सांगितलं, तसे ते हात न धुताच खुर्चीत बसले.

"तपकिरी बटण? कोटाचं?"

"हो."

"नावाडी आहे तो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खेळात शहरभर पार्सलं पोचवायची असतात आणि मध्ये नदीवर एकच पूल. 'पूल बंद' हा पत्ता निघाला की पुलावरची गाडी नदीत पडते, पार्सलं जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खारू तेव्हा पाच वर्षांची होती. गाडी पडली की भोकाड पसरायची, ऐकायचीच नाही. एकदा तिच्या आईनं अंगावरच्या कोटाचं बटण तोडलं, पटावर नदीत ठेवलं आणि म्हणाली, पुलाखाली नावाडी असतो, तो लहान मुलांच्या गाड्या काढतो, पार्सलांसकट.

"तेव्हापासून ते बटण खोक्यात आहे," बाबा म्हणाले. "खारूला वाटतं तो खेळातलाच नियम आहे. तिला तसंच वाटू दे. बोलू नकोस काही."

"मी ते उचलून बाजूला ठेवलं," मावशी म्हणाल्या. "यातलं नाही म्हणाले."

"तुला काय माहीत?"

"मला सगळं माहीत असतं ना. तोच तर त्रास आहे."

शनिवारी दुकानात एक नवरा-बायको शिकायला बसले होते. नवरा मध्येच म्हणाला, "आमच्या घरी दोनदा सहा पडले की आणखी एक डाव मिळायचा." मावशींच्या तोंडात वाक्य तयारच होतं. दिवसातून दहादा त्या ते म्हणत: घरचे नियम घरी, इथे पुस्तकातले. आज ते त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं.

"कुणी ठरवलं होतं तसं?" त्यांनी विचारलं.

"आजोबांनी. स्वतःला सारखे सहा पडायचे म्हणून," तो म्हणाला, आणि त्याची बायको हसायला लागली.

"मग तसंच खेळा," मावशी म्हणाल्या. काउंटरवरून मालकांनी मान वर करून पाहिलं.

घरी आल्यावर त्या खारूच्या दाराशी गेल्या. थंडी होती; शाळेचा निळा स्वेटर घालून ती पलंगावर चित्र रंगवत होती.

"मला तो पार्सलांचा खेळ शिकवशील?"

"तुम्हाला येतो की. तुम्ही लोकांना शिकवता."

"दुकानातला येतो. या घरातला येत नाही."

खारूनं रंगाचं टोपण लावायला बराच वेळ घेतला. मग ती उठली.

शिकवायला ती कडक निघाली. पट अमुक बाजूनंच ठेवायचा, नदी तिच्याकडे. पत्ते पिसायचे नाहीत, नुसते कालवायचे. हिरवी गाडी कुणी घ्यायची नाही; ती का, हे तिनं सांगितलं नाही आणि मावशींनी विचारलं नाही. त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. एक ठोकळा चुकीच्या घरावर होता, पत्ते वाकडे पडले होते. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

"पुलावर थांबता येतं का?" त्यांनी विचारलं.

"मी सांगेन तेव्हा विचारायचं."

"बरं."

स्वयंपाकघरात बाबा भांडी घासत होते. नळाचा आवाज येत होता. खारूनं स्वेटरच्या खिशातून तपकिरी बटण काढलं आणि नदीत ठेवलं.

"हा नावाडी. मी पडले की मला काढतो. लहान मुलांनाच काढतो, मोठ्यांना नाही." मग तिनं स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे पुस्तकात नाहीये. आईनं केलंय. मला वाचता यायला लागलं ना, तेव्हाच मी पुस्तक सगळं वाचलं."

मावशींनी बटणाला हात लावला नाही.

"बाबांना सांगू नका. त्यांना वाटतं मला माहीत नाही."

"नाही सांगणार," मावशी म्हणाल्या. काल याच घरात बाबांनीही त्यांना काही बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं. बापलेक एकमेकांना जपत होते आणि दोघांची गुपितं त्यांच्या पदरात येऊन पडली होती. त्यांना एकाच वेळी हसू आलं आणि भरूनही आलं.

हात पुसत बाबा आले आणि तिसरी गाडी घेऊन बसले. खेळ रंगला. मावशींनी मुद्दाम हरायचं नाही असं ठरवलं होतं. मुलांना ते लगेच कळतं. त्यांनी गाडी पार्सलांनी भरली आणि पुलावर घातली. एवढी पार्सलं घेऊन पुलावर जायचं नसतं, हे त्या रोज लोकांना शिकवत. पण पलीकडची घरं खुणावत होती.

बाबांनी पत्ता उचलला, पाहिला आणि अपराधी चेहऱ्यानं खाली ठेवला. पूल बंद.

"गेली माझी गाडी," मावशी म्हणाल्या. नियम तो नियम. त्या पार्सलं गोळा करायला लागल्या.

"थांबा," खारू म्हणाली.

तिनं नदीतल्या तपकिरी बटणाकडे पाहिलं. ते तिनं हलवलं नाही. मग मान खाली घालून ती स्वेटरचं शेवटचं बटण पिरगळायला लागली. दोरा चिवट होता, निघेना. शेवटी तिनं तो दातांनी तोडला. निळं बटण तिनं नदीत ठेवलं, तपकिरीच्या बाजूला.

"हा तुमचा."

"हा कुठला नियम?" बाबा म्हणाले. "मी इतकी वर्षं बुडतोय. मला कधी कुणी काढलं नाही."

"तुम्ही नवीन नव्हतात. नवीन माणसाला असतो."

"आणि शाळेचा स्वेटर आहे तो, खारू."

"माहितीये."

तिनं मावशींची गाडी नदीतून उचलली, पलीकडच्या काठावर ठेवली आणि एकेक पार्सल मोजून तिच्यावर रचलं. एक घसरलं, ते पुन्हा ठेवलं. मग पटावरची नजर न काढता ती म्हणाली,

"सोमवारी घालायचाय मला तो. तोपर्यंत दुसरं बटण लावून द्याल ना?"

फासे घेतलेला बाबांचा हात तसाच राहिला.  मावशींनी मान हलवली, आणि खारूचं लक्ष नाही असं पाहून पुन्हा हलवली.

"उद्या लावते," त्या म्हणाल्या. "सकाळीच. आजी यायच्या आत."

"घट्ट लावा," खारू म्हणाली. "आणि बाबा, फासे टाका ना. कधीची तुमची पाळी आहे."