चौदा सह्यांचं पत्र

अल्सीद ब्रूसारचा फोन आला तेव्हा सिनेटर अडेल फोंटेनो सिनेटच्या जिन्यात उभी होती. अल्सीद तिच्या शाळेतला, आता बायू मर्सच्या बंधाऱ्याचा मुख्य अभियंता. बायू मर्स म्हणजे अडेलचं गाव. तीन आठवड्यांपूर्वीच्या वादळात बंधारा फुटून ते अर्धं पाण्याखाली गेलं होतं, आणि आता समोरच्या आखातात दुसरं वादळ ताकद धरत होतं.

अल्सीद आवाज न चढवता बोलत होता. त्याचीच तिला भीती वाटली. कशाबशा बुजवलेल्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाण्याचे उमाळे फुटले होते. काल संध्याकाळपर्यंत पाणी नितळ होतं.

"आता गढूळ यायला लागलंय, अडेल. आतली माती वाहतेय."

मोठे पंप आणि पोलादी पत्रे शेजारच्या राज्यात ट्रकवर चढवून ठेवलेले होते. पण मदतीचं विधेयक मंजूर झाल्याशिवाय ते हलणार नव्हते, आणि विधेयक आठ दिवसांपासून रॉइस टॉलिव्हरच्या समितीत पडून होतं. का, ते कुणी सांगत नव्हतं.

दुपारी टॉलिव्हर स्वतःच तिच्या कचेरीत आला. वीस वर्षं सिनेटमध्ये मुरलेला, राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीतला माणूस. बसायच्या आधी त्याने दार लावून घेतलं. गावची चौकशी केली, तिच्या आईला कुठे हलवलं ते विचारलं. आणि मग म्हणाला, "ते तुझं पत्र मागे घे. संध्याकाळपर्यंत विधेयक सभागृहात आणतो."

पत्राच्या मागे अडेलचा सगळा उन्हाळा गेला होता. सर्वोच्च न्यायालयात एक जागा रिकामी होती. राष्ट्राध्यक्षांची माणसं प्रॉक्टर नावाच्या न्यायाधीशाला पुढे करत होती. सरकारच्या चुकीने ज्यांचं नुकसान झालं, त्यांनी सरकारवर दावा लावूच नये, असं या प्रॉक्टरने निकालांमध्ये लिहून ठेवलं होतं. अडेलने पत्रात सुचवलं होतं न्यायाधीश विनफ्रेड वीम्स यांचं नाव. शांत, म्हातारे, दोन्ही पक्षांना चालतील असे. दारोदार हिंडून तिने स्वतःची धरून चौदा सिनेटरांच्या सह्या मिळवल्या होत्या, दोन्हीकडच्या सात-सात. ते चौदाजण एकत्र राहिले तर प्रॉक्टरचं नाव पुढे सरकणार नव्हतं.

"बंधारा आणि न्यायाधीश यांचा संबंध काय, टॉलिव्हरसाहेब?" तिने विचारलं.

"संबंध असा नाहीच. वेळ तेवढी एक आलीय." तो उठला. "वादळ परवा किनाऱ्याला लागेल म्हणतात."

तो गेल्यावर तिने अल्सीदला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"मला नको विचारूस," तो म्हणाला. "हो म्हटलं तर न्यायाधीश मी विकला, नाही म्हटलं तर गाव मी बुडवलं. बंधाऱ्याखाली शाळेत चारशे माणसं झोपतात, एवढंच सांगतो."

मग तिने वीम्सना फोन केला. आपण काय करणार आहोत हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचावं, हे तिला बरं वाटेना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आपणही हेच केलं असतं, असं म्हणाले. ते चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"फक्त एक लक्षात ठेवा, फोंटेनोबाई," ते म्हणाले. "त्यांना आता कळलंय, तुम्हाला कुठे धरायचं ते."

साडेचारला तिने पत्र मागे घेतलं. सह्या करणाऱ्या बाकीच्या तेरा जणांना तिने एकेकाला गाठून सांगितलं. दोघांनी समजून मान डोलावली. एकीने तिच्याकडे बघितलंही नाही. सहाच्या सुमारास विधेयक एकमताने मंजूर झालं, सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि टॉलिव्हर सगळ्यांत जास्त वेळ वाजवत होता.

पंप पहाटे पोचले. अल्सीदच्या माणसांनी चोवीस तास उमाळ्यांभोवती वाळूच्या पोत्यांची कडी रचली, पोलादी पत्रे ठोकले. आणि वादळ किनाऱ्यापासून साठ मैलांवर असताना पश्चिमेला वळलं. दुसऱ्याच राज्यात, जिथे कुणी तयारीत नव्हतं, तिथे जाऊन आदळलं. बायू मर्समध्ये नुसता पाऊस पडला. बंधारा टिकला. पंपांमुळे टिकला की वादळ वळलं म्हणून, हे अल्सीदलाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. तिने दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं.

ऑक्टोबरात प्रॉक्टरचं नाव सभागृहात आलं. अडेलने विरोधात मत दिलं. तीन मतांच्या फरकाने त्याची नेमणूक मंजूर झाली. त्याच आठवड्यात बायू मर्सच्या नव्वद कुटुंबांनी पहिल्या वादळात बंधारा का फुटला याचा जाब विचारणारा दावा सरकारवर लावला. अर्जावर तिच्या आईचीही सही होती.

मतदानानंतर टॉलिव्हर जिन्यात तिच्या बरोबरीने उतरू लागला. प्रॉक्टरबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. विरोधात मत दिल्याचा रागही दिसत नव्हता. बंधारा नव्याने बांधायचा तर अजून मोठी मंजुरी लागेल, ती आपल्याच समितीपुढे येईल, असं तो सहज बोलल्यासारखा म्हणाला.

"वसंतात बोलू," त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तोवर माझं एक छोटं काम आहे तुझ्याकडे."

अडेलने तो हात झटकला नाही. काय काम आहे, असं तिने विचारलं.