आरसेबाईचं नाक

श्रीरामपुरात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर माधव निसळांना पन्नाशी उलटल्यावर इतिहासाचं वेड लागलं. खरं म्हणजे त्यांनी ते लावून घेतलं. त्यांच्या बॅचमधलं कुणी मॅरेथॉन पळत होतं, कुणी सतार शिकत होतं आणि आपल्याकडे चारचौघांत सांगायला रूट कॅनालशिवाय काही नाही, हे त्यांना बोचत होतं. मग त्यांनी रुंद काठाची एक हॅट घेतली, ‘वारसा फेरी’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि महिन्यातल्या एका रविवारी माणसं गोळा करून ते जुन्या वास्तू दाखवायला निघू लागले. कधी नगरचा भुईकोट किल्ला, कधी फराहबाग, कधी अकोले इथलं सिद्धेश्वराचं देऊळ. फेरीला येणारे निम्म्याहून अधिक त्यांचे पेशंटच असत. खुर्चीत तोंड उघडं असतानाच त्यांना आमंत्रण मिळे, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नसे.

“तू बोलायला लागलास की लोक देवळाकडे बघत नाहीत, घड्याळाकडे बघतात,” असं त्यांची बायको लीना म्हणायची. ती कॉलेजात गणित शिकवायची आणि तिचं निरीक्षण सहसा चुकत नसे. हे माधवरावांनाही ठाऊक होतं. पण हॅट डोक्यावर चढली की त्यांना थांबता यायचं नाही.

अशाच एका फेरीत ते राहात्याच्या पलीकडे भोकरठाण नावाच्या गावात पोचले. गावाबाहेर महादेवाचं जुनं दगडी देऊळ होतं, पण दगड म्हणून दिसत नव्हता. सगळ्या देवळाला ऑइलपेंट फासलेला होता. खांब पोपटी, कळस भगवा आणि बाहेरच्या भिंतीवर हातात आरसा धरून उभी असलेली सुंदरी नखशिखांत गुलाबी. लुगडं निळं, केस डांबरासारखे काळे आणि नाकात चांगली ठसठशीत सोनेरी नथ. गावातल्या बायका तिला आरसेबाई म्हणत. नव्या नवऱ्या तिच्यापुढे बांगड्या ठेवत.

माधवराव सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “कुठल्या गाढवानं हा रंग फासलाय?”

मागे केस रंगवलेला, पांढऱ्या सफारीतला एक गृहस्थ उभा होता. त्याने एकदा मूर्तीकडे बघितलं, एकदा हॅटकडे.

त्या दिवसापासून माधवरावांनी गावाचा पिच्छाच पुरवला. सरपंचांना भेटले, देवळाची पूजा बघणाऱ्या रतनबाईंना भेटले. “देवाच्या अंगावरचा रंग काढायचा म्हंजी देवाला उघडं करायचं का?” असं रतनबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी यादवकाळावर अर्धा तास भाषण दिलं. रतनबाईंनी मधेच उठून गुरांना पाणी पाजलं, तरी ते बोलतच होते. शेवटी कंटाळून म्हणा किंवा दया येऊन म्हणा, गावाने थोडी जागा साफ करून बघायला होकार दिला.

माधवरावांनी नगरहून अपूर्वा जोशीला बोलावून घेतलं. तिने जुन्या दगडी कामाच्या जतनाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. तिने मूर्तीच्या पायापाशी खडूने चौकोन आखला, रंग मऊ करणारा लेप लावला आणि माधवरावांना म्हणाली, “तुमचा हात हलका आहे, म्हणून तुम्हाला करू देतेय. पण सर, एवढ्याच जागेत. मी मागच्या भिंतीचे फोटो काढून येते.”

दात साफ करायची बारीक हत्यारं घेऊन माधवराव भिडले. पायाच्या बोटावरचा रंग निघाला आणि खालून काळाभोर दगड, दगडात कोरलेलं जोडवं वर आलं. जमलेल्या बायका “अगं बाई!” म्हणाल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माधवरावांसाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. उलट लोक खुर्चीतून उठले की गाल धरून निघून जात. त्या टाळ्यांनी घात केला. लेपाचं भांडं घेऊन ते स्टुलावर चढले आणि थेट चेहऱ्याला हात घातला. सवयीने पुटपुटलेसुद्धा, “दुखणार नाही हं, झालंच.”

नाकाच्या कडेला हत्यार टेकवलं मात्र, आणि आख्खं नाक नथीसकट त्यांच्या तळहातावर येऊन पडलं.

मग रतनबाईंनी टाहो फोडला. “अगं बया बया! डागतरनं आरसेबाईचं नाक पाडलं!”

आजवर त्यांनी कुणाचा भलता दात उपटला नव्हता, आणि इथे सातशे-आठशे वर्षांचं नाक हातात आलं होतं. आपल्या मृत्यूनंतर शोकसभेत काय बोललं जाईल, तेही त्यांना ऐकू येऊ लागलं. सोबत आलेल्या लीनाने त्यांना धरून खाली उतरवलं, कट्ट्यावर बसवलं आणि पाणी दिलं. अपूर्वा धावत आली. तिने त्यांच्या मुठीतून नाक काढून घेतलं, उलटं करून बघितलं आणि नखाने खरवडलं.

“सर, हे सिमेंट आहे.”

“सिमेंट!” माधवराव एवढ्या आनंदाने ओरडले की त्यांना मुलगाच झाला असावा असं वाटावं.

गर्दीतून तो सफारीतला गृहस्थ पुढे आला. “त्ये माझंय,” तो म्हणाला. “सूर्यभान पेंटर. राहात्यात आपलं फ्लेक्सचं दुकान हाय. बाईला पहिल्यापासून नाक नव्हतं. नव्या पोरी पाया पडायला यायच्या, अन् म्हातारी मानसं म्हनायची, नकटीच्या पाया पडू नका. म्हनून मी बसवलं. आमच्या मंडळींना समोर बसवून, त्यांचं नाक बघून केलंय. अन् रंगबी मीच देतो, वर्साच्या वर्साला.” मग जराही न हसता त्याने पुढे जोडलं, “त्ये गाढव मीच.”

माधवरावांना स्टुलावरून पडलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटलं.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. वारसा, वारसा म्हणून आपण गावभर ओरडलो, पण हा रंग कुणी, का दिला हे एकदाही विचारलं नाही. आपल्याला दगड दिसला, माणूस दिसला नाही. लीना ताटावरून म्हणाली, “माफी मागायला जा. आणि जाताना ती हॅट घालू नकोस.”

दुसऱ्या दिवशी ते राहात्याला सूर्यभानच्या दुकानात गेले. सूर्यभान कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटोतल्या माणसाचा रंग उजळ करत बसला होता.

“माझं चुकलं,” माधवराव म्हणाले. “मी तुम्हाला असं बोलायला नको होतं.”

“तुमी मला कुठं बोलला? तुमी गाढवाला बोलला,” सूर्यभान म्हणाला. मग त्याने चहा मागवला. चहा येईपर्यंत त्याने फोटोतल्या माणसाचा दुसरा गालही उजळ केला. “डॉक्टर, त्या जोडव्याचं काम बघितलं मी काल. हाताला गार लागतंय. एवढं बारीक असंल आसं वाटलं न्हवतं. मी आपला ब्रश मारत गेलो वरनं.”

“मग साफ करू द्याल?”

“मी कोन देनार? रतनबाईला इचारा. त्या नाकाबिगर ऐकायच्या न्हाईत.”

आणि तसंच झालं. अपूर्वा सिमेंटचं नाक परत बसवायला तयार होईना आणि रतनबाई बिननाकाच्या बाईला हळदकुंकू लावायला तयार होईनात. गावात दोन तट पडले. माधवराव आठवडी बाजारातून गेले तरी पोरं आपापल्या नाकावर हात ठेवत. दवाखान्यात एका म्हाताऱ्याने खुर्चीत बसायच्या आधी विचारलं, “फकस्त दातच ना?”

अखेर रतनबाईंनी एवढं कबूल केलं, की चेहरा सोडून बाकीचं काम होऊ द्यावं. अपूर्वाने गावातल्या बचत गटाच्या बायकांना शिकवलं आणि त्या सकाळची कामं उरकून रोज देवळावर येऊ लागल्या. माधवरावांना लेपाची भांडी धुवायचं काम मिळालं. हत्यार त्यांच्या हातात द्यायचं नाही, असं बायकांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं.

एके दिवशी आरशावरचा रंग काढताना रेश्मा नावाची सून एकदम थांबली. पेंटच्या थराखाली आरशाच्या गोलात काहीतरी कोरलेलं होतं. अपूर्वाने भिंग धरलं, पाण्याने हलकेच पुसलं. आरशात एक चेहरा होता, अंगठ्याएवढा. डोळे, ओठ आणि सरळ, धारदार नाक.

रतनबाईंना बोलावलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

“हाय की,” त्या शेवटी म्हणाल्या. “बाईचं नाक हाय. तिच्यापाशीच हाय.” आणि आरशातल्या त्या चेहऱ्याला त्यांनी बोटाच्या टोकाने कुंकू टेकवलं. अपूर्वाने अडवायला पुढे केलेला हात मागे घेतला. माधवरावांनी भांडं खाली ठेवलं. मग तेही रतनबाईंसारखे आरशापुढे वाकले.

चेहऱ्यावरचा रंग काढायलाही मग रतनबाई आड आल्या नाहीत, आणि सूर्यभानने आपलं सिमेंटचं नाक घरी नेलं. त्याच्या मंडळींनी ते शोकेसमध्ये ठेवलंय आणि आल्यागेल्याला त्या स्वतःचं नाक शेजारी धरून दाखवतात.

वारसा दिनाला गावाने देवळापुढे मांडव घातला. बचत गटाच्या बायकांचा आणि अपूर्वाचा साड्या-श्रीफळ देऊन सत्कार झाला. आसपासच्या गावांतून माणसं देऊळ बघायला आली होती. फ्लेक्स अर्थातच सूर्यभानचा. त्यावर त्याचा स्वतःचा फोटो हातभर आणि माधवरावांचा कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. माधवरावांना ते लागलं, आणि लागलं याचीच लाजही वाटली. त्यांनी कोट मुद्दाम इस्त्री करून आणला होता.

“आता नाकवाले डॉक्टर दोन शब्द बोलतील,” असं सरपंचांनी जाहीर केलं. हशा पिकला. माधवरावही हसले आणि मग यादवकाळापासून सुरुवात केली. शिल्पशास्त्रापर्यंत येईतो पुढच्या रांगा मोकळ्या झाल्या. त्यांना वाटलं, लोक जेवायला गेले. बघतात तर सगळे देवळाच्या भिंतीपाशी रांग लावून उभे होते. एक नवी नवरी आरशात डोकावत होती आणि तिच्या मागच्या बाया तिला लवकर सरक म्हणत होत्या.

माधवरावांनी वाक्य अर्धवट टाकलं, माइक टेबलावर ठेवला आणि खाली उतरून ते थेट मूर्तीकडे निघाले.

“ओ डागतर,” रतनबाई ओरडल्या, “मागनं या. रांग हाय.”

ते मागे गेले. त्यांच्या पुढे लीना उभी होती. तिने वळून बघितलं आणि सरकून त्यांना जागा करून दिली.