नव्वद ग्रॅम

शारदाबेनने ओले हात पदराला पुसले, टेबलावरचा रिमोट उचलला आणि खिडकीकडे रोखून विचारलं,

"भाभी, दबावुं?"

"दाब," पलंगावरून रमाबाई म्हणाल्या. "ते यायच्या आत."

पण ते आले होते. दुधाची पिशवी धरून पद्माकरराव दारातच उभे होते. खिडकीवरची मोटर घरघरली, दोरी गुंडाळली गेली आणि पडदा ऐटीत वर गेला. गेले पंधरा दिवस सकाळी सातला फिरून आल्यावर त्यांना हा पडदा उघडा दिसत होता, आणि बायकोने तो स्वतः उघडला म्हणून ते खूश होत होते. शारदाबेनने रिमोट ठेवला आणि ती घासायच्या भांड्यांकडे परत गेली.

संधिवाताने रमाबाईंची बोटं वाकली होती. सकाळी तर ती हलतच नसत. "पडदा वरखाली करायला मला कुणाला हाक मारावी लागू नये, एवढं करा," असं त्या दिवाळीत म्हणाल्या होत्या. त्याआधी सव्वीस वर्षं सकाळी सहाला पडदा उघडायचं काम पद्माकररावांचं. बाजव्याच्या रिफायनरीतली पहिल्या पाळीची ती सवय. तिथली मापयंत्रं सांभाळून नुकत्याच निवृत्त झालेल्या या इन्स्ट्रुमेंटवाल्या माणसाला काम मिळालं, मग काय! फियाटच्या वायपरची मोटर आली, मांडवीच्या बाजारातून पतंगाची फिरकी आली, केबल घेताना बदललेल्या जुन्या टीव्हीचा रिमोट सापडला. दोन महिने घरभर तारा पसरल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या श्रीपतरावांना तर तीनदा खाली बोलावून प्रयोग दाखवला गेला. बटण दर वेळी अर्थातच पद्माकररावांनी दाबलं.

"तुला बटण दाबता येत नाही?" दुधाची पिशवी टेबलावर ठेवत पद्माकररावांनी विचारलं.

"सकाळी नाही येत. दुपारी कधी कधी येतं."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही एवढे खपलात. उघडा दिसला नाही तर तोंड पडलं असतं तुमचं."

पद्माकररावांना राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. त्यांनी कपाटातून तबकडीचा छोटा वजनकाटा काढला. त्यावर रिमोट ठेवून बटण दाबलं. रिमोटचं वजन वजा करून बटणाला तीनशे ग्रॅम जोर लागत होता. मग रिमोट बाजूला ठेवून त्यांनी काटा पलंगावर टेकवला.

"आता तू दाब. जमेल तेवढं."

रमाबाईंनी अंगठा ठेवला, ओठ मिटून जोर लावला. काटा जरासा थरथरला आणि थांबला.

"किती?"

"नव्वद."

"फार कमी का?"

पद्माकररावांनी काटा उचलून घेतला. खिडकी त्यांनी तीनदा मापली होती. कापडाचं वजन केलं होतं, मोटरची ताकद काढली होती. जिच्यासाठी हे सगळं केलं तिचा अंगठा तेवढा मापायचा राहिला होता. सवयीने त्यांनी वहीत तारीख घालून आकडा लिहिला, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

पुढचे चार दिवस पुन्हा तारा पसरल्या. रिमोट उघडून बटणाच्या जागेवरून दोन तारा बाहेर काढल्या, त्या एका लांब पट्टीच्या नाजूक स्विचला जोडल्या, आणि उशीशेजारी त्याच्यावर हातभर गुळगुळीत फळी बसवली. मनगट टेकलं तरी पुरे. एकदा टेकलं की पडदा वर, पुन्हा टेकलं की खाली. काट्यावर वीस ग्रॅम भरले.

"उद्या शारदाबेनला हात लावू द्यायचा नाही," त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी ते पावणेसातलाच परतले. गल्लीतूनच वर पाहिलं. पडदा खाली होता. जिना त्यांनी दोन दोन पायऱ्यांनी चढला. मोरीपाशी शारदाबेनने त्यांना पाहून साबणाचे दोन्ही हात वर केले.

"में तो हाथ पण नथी लगाड्यो, साहेब!"

खोलीत काळोख होता. कुठली तार सुटली ते बघायला पद्माकरराव खिडकीशी वाकले.

"राहू द्या," रमाबाई म्हणाल्या. "बिघडलेलं नाही काही."

त्यांनी मनगट फळीवर टेकलं. मोटर घरघरली, पडदा वीतभर वर गेला. पुन्हा टेकलं तसा गुपचूप खाली आला.

"मग उघडला का नाहीस?"

"मला उजेड आठनंतर बरा वाटतो. बोटं सुटेपर्यंत नको वाटतो हो."

"अगं, पण मी तर रोज सहाला..."

"हो ना. सव्वीस वर्षं."

"कधी बोलली नाहीस."

"उघडून झाल्यावर काय बोलायचं?"

पद्माकरराव खिडकीपासून मागे सरले. मग बाहेर येऊन त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं आणि शारदाबेनला भांडी सावकाश ठेवायला सांगितलं. स्वतःपुरता चहा केला, पेपर उघडला. पेपरात लक्ष लागेना; नजर सारखी घड्याळाकडे जात होती. साडेसात झाले, पावणेआठ झाले. आत जाऊन बघावं असं दोनदा वाटलं, पण ते उठले नाहीत.

आठ वाजून दहा मिनिटांनी आतून मोटर घरघरली. पद्माकररावांनी गॅस पेटवला आणि रमाबाईंच्या चहाचं आधण ठेवलं.