कोर कुणी नेली

या, पुढं सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकलेली गोष्ट कानातच राहते, पोटात उतरत नाही. बुवा आख्यानाला हात घालतात तेव्हा मागचा माणूससुद्धा टाळकऱ्यांना खेटून बसतो की नाही, तसं बसा. आज एक कथा ऐकवायची आहे. तीत राजा नाही, राक्षस नाही. दगड शोधणारा एक माणूस आहे आणि त्याच्या तोंडून सुटलेला एक शब्द.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच उस्मानाबादेतून वेगळा निघाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग ओला आणि आभाळ कोरडं ठाक. माणसं म्हणायची, "जिल्हा तर दिला बाबा, आता पाणी कोण देतंय?" त्या दुष्काळात देवणीच्या पल्याड, कर्नाटकाच्या शिवेजवळच्या लाल माळावर तंबू पडले. तंबूंचा कारभारी सिद्धलिंग. लातूरच्या डाळमिलवाल्या गुंडप्पांचा धाकटा. भावांनी तूर भरडली, हा शिकून भूवैज्ञानिक झाला. माळाजवळच्या वाडीतले लोक त्याला दगडांचा डॉक्टर म्हणत.

माळावरच्या जांभ्या दगडाखाली ॲल्युमिनियमचं खनिज आहे का, हे बघायचं त्याचं काम. यंत्राची पोकळ नळी दगड कापत खाली जायची आणि वर येताना पोटात दगडाचा गोल, लांबुळका तुकडा घेऊन यायची. त्या तुकड्याला कॅम्पवर सगळे इंग्रजी नावानंच ओळखत. कोर. ती लाकडी पेटीत ओळीनं मांडायची, वरची वर, खालची खाली, म्हणजे जमिनीचं पोट वाचता येतं. सिद्धलिंगला तिचं भारी वेड. सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाली की दुसरा नमस्कार त्या पेटीला.

कॅम्पच्या चुलीवर पंचफुलाबाई. वाडीतल्याच, नवरा मागंच वारलेला, घरात आंधळी सासू रुक्मिणबाई. भाकरी थापता थापता हाक द्यायच्या, "ओ डाक्टर, दगड चाटून पोट भरतंय का? या अगोदर जेवायला!" सिद्धलिंगही लेकरासारखा येऊन बसे. घरापासून लांब राहणाऱ्याला असं कुणी दटावणारं लागतंच.

एका सकाळी त्यानं पेटी उघडली आणि त्याचं डोकं फिरलं. ऐन महत्त्वाच्या खोलीवरचा तुकडा जागेवर नव्हता. नागपूरचे मोठे साहेब त्याच दिवशी पेट्या बघायला यायचे होते. माणसं न्याहारीला बसली होती, तिथं हा तरातरा आला.

"कोर कमी आहे! कुणी नेली? ज्यानं नेली त्यानं गुमान आणून ठेवावी. चोरी खपवून घेणार नाही मी!"

पंचफुलाबाईंचा हात तव्यावरच थांबला. मग त्यांनी पिठाचे हात धुतले, पदराची गाठ सोडली आणि आतली भाकरीची कोर काढून त्याच्यापुढं ठेवली. चतकोरच, वर ठेच्याचा डाग.

"घ्या. माझ्या वाटणीची व्हती. मी बाकीची खाते, कोर म्हातारीला नेते. चोरी न्हाई केली, साहेब."

रोजचं डाक्टर गेलं, साहेब आलं. तव्यावरची भाकरी तशीच ठेवून बाई चालू लागल्या.

यंत्रावरचा मडिवाळप्पा कपाळावर हात मारून उठला. "अय्यय्यो! तुम्ही दगड मागितला साहेब, तिला भाकर ऐकू आली!"

तेव्हाच पाठीमागं पळायला हवं होतं. पण माळावर जीपचा धुरळा दिसला आणि सिद्धलिंग मनात म्हणाला, सांजच्याला समजावू. माणूस अशानंच चुकतो.

साहेब आले, गेले. दुपारी सिद्धलिंग यंत्राजवळ जाऊन बसला. दगड कापताना भोकात सोडलेलं पाणी वर येऊन चरातून वाहिलं होतं, आणि चराच्या कडेला पांढुरक्या चिकणमातीचा साका बसला होता. तो त्यानं चिमटीत धरून चोळला. त्या खोलीवर दगड नव्हताच. मऊ माती होती, ती पाण्याबरोबर धुऊन गेली. जी वस्तू वर आलीच नाही, तिची चोरी त्यानं चारचौघांत पुकारली होती.

तोवर वाडीत व्हायचं ते होऊन गेलं होतं. मडिवाळप्पा पाण्याच्या टँकरपाशी जाऊन ऐकून आला. "बाया तिला रांगेत उभं राहू देईनात. भाकरचोर म्हणून राहिल्यात."

"मी जाऊन सांगतो, दगडालाच कोर म्हणतात म्हणून."

"कोण खरं मानंल? म्हणतील, साहेब झाकून राहिला."

खरंच होतं ते. दुष्काळात दागिना चोरला तर माणसं एकवेळ विसरतील. भाकरी चोरली म्हटल्यावर त्या बाईला पुन्हा कुणाच्या चुलीपाशी बसता येईल?

सिद्धलिंगला आईचं बोलणं आठवलं. लातुरात दारी जंगम अय्या कोरान्नाची, म्हणजे कोरड्या धान्याची, भिक्षा मागायला आले की कमलम्मा सूप घेऊन धावायची आणि म्हणायची, "बट्टा लागलेल्या घरापुढं अय्या झोळी पसरत नाहीत रे." सिद्धलिंग काही जंगम नव्हता. त्याच्या घरात तर परक्याच्या हातचं पाणीसुद्धा विचारून पीत. पण दुसऱ्या सकाळी, टँकरला बाया जमलेल्या असताना, तो अनवाणी पंचफुलाबाईंच्या दारात गेला आणि खांद्यावरचा पंचा पसरून उभा राहिला.

"माय, भिक्षा वाढ."

रांगेतल्या एकीनं टोमणा हाणलाच, "का हो साहेब, कॅम्पातली भाकर सरली जनू?"

"सरली न्हाई, मावशी. चूक माझी झाली. हिनं काही चोरलं न्हाई. हिच्या हातचं मागायला आलोय."

पंचफुलाबाई दाराआड उभ्या. हलेनात. आतून म्हातारीचा आवाज आला.

"कोण हाय गं?"

"कुणी न्हाई. साहेब हाय."

"उपाशी हाय का?"

सिद्धलिंगच बोलला, "हाव, आजी."

"मग बघत काय राहिलीस गं? वाढ की!"

घरात दुसरं काही नव्हतं. म्हातारी भिंत चाचपत दारापर्यंत आली. आपल्याच हातातली भाकर तिनं मोडली आणि आवाजाच्या रोखानं पुढं धरली. सिद्धलिंगनं ती कपाळाला लावली आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, उभ्या उभ्या खाल्ली. कण खाली पडू दिला नाही.

मग टोमणा हाणणारीच ओरडली, "पंचफुले, घागर आण की! तुझी पाळी गेल्यावर येतीस का?"

पंचफुलाबाईंनी डोळे पुसले, घागर कमरेला घेतली. सिद्धलिंगच्या शेजारून जाताना म्हणाल्या, "डाक्टर, भाकरीचं नाव दगडाला देऊ नगा. दुसरं बघा कायतरी."

तेव्हापासून त्या कॅम्पात नळीतून निघालेल्या दगडाला कांडी म्हणू लागले. नागपूरच्या साहेबांनी पुढं विचारलं, हे कांडी काय प्रकरण? मडिवाळप्पा म्हणाला, "इथलं शास्त्र हाय, सर."

खनिज काही फारसं निघालं नाही. तंबू उठले, सिद्धलिंगची बदली झाली. पण माझं मागणं रुक्मिणबाईंपुरतं आहे. दारात कोण आहे, त्यानं काय केलं, कुणाची अब्रू गेली, काही विचारलं नाही त्या माउलीनं. उपाशी आहे का, एवढंच विचारलं. तिचा फोटो नाही, मागं नाव लावणारं कुणी नाही. संध्याकाळी देवापुढं हात जोडाल तेव्हा तिची आठवण ठेवा.